नेत्रदानी सिवी आणि शक्राचा प्रश्न

आत्मदानाच्या प्राचीन कथा सांगताना आमच्याकडे एक खोड जडली आहे. कथा दानापाशी आणून थांबवावयाची. दधीचीने अस्थी दिल्या, शिबीने मांस दिले, जीमूतवाहनाने देह दिला, एवढे सांगितले की वक्त्याचे काम झाले आणि श्रोत्यांच्या टाळ्याही झाल्या. रक्तदानाचे शिबिर असो की नेत्रपेढीचा वर्धापनदिन, दधीचीवाचून प्रास्ताविक म्हणून होत नाही. दाता त्या वेळी कोणत्या मनःस्थितीत होता, दानानंतर त्याचे काय झाले, त्याला कोणी काय विचारले, हे पाहण्याची उसंत कोणास नसते. आणि ज्या प्रश्नासाठी आज ह्या कथांकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटते, त्याचे उत्तर नेमके ह्या गाळलेल्या भागात आहे.

प्रश्न असा आहे. जगण्यास कंटाळलेला मनुष्य कित्येकदा मरणाची गोष्ट मरणाच्या नावाने बोलत नाही. दानाच्या नावाने बोलतो. ‘माझे जगणे कोणाच्या कामाचे नाही, निदान माझे डोळे, माझी मूत्रपिंडे तरी कोणा गरजवंतास मिळोत, त्याच्या घरी दिवा लागो,’ असे तो म्हणतो. हे उद्गार शिकल्यासवरल्या घरांतूनही निघतात. कधी थट्टेच्या सुरात, कधी रात्री जेवणे आटोपल्यावर, आईजवळ किंवा थोरल्या भावाजवळ सहज म्हणून. ऐकणारा गांगरतो. रागवावे, तर बोलण्यात परोपकाराचा शब्द आहे. वाखाणावे, तर त्या शब्दामागे काही निराळेच उभे आहे असे वाटते. मग बहुधा विषय बदलला जातो. आमच्या मते ह्या एका वाक्यात दोन इच्छा एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि त्यांचा गुंता सोडविण्याची रीत आमच्या पूर्वजांना ठाऊक होती. तेव्हा गाळलेली कथा आधी सांगतो.

शिबीची जी कथा महाभारतामुळे सर्वांच्या तोंडी आहे ती कपोताची. पाली जातकसंग्रहात ४९९ व्या क्रमांकाचे जे सिविजातक आहे त्यातली कथा निराळी, आणि आजच्या विषयाला अधिक जवळची आहे. अरिट्ठपुरचा राजा सिवी ह्याने नगरात सहा दानशाळा बांधल्या व तो रोज अपार द्रव्य वाटू लागला. परंतु बाह्य वस्तूंच्या दानाने त्याचे समाधान होईना. आपल्यापाशी कोणी देहाचाच अंश मागितला तर तोही द्यावा, असे त्याच्या मनाने घेतले. देवांचा राजा शक्र हा वृद्ध व आंधळ्या ब्राह्मणाचे रूप घेऊन आला आणि त्याने एक नेत्र मागितला. राजाने दोन्ही देण्याचे ठरविले. अमात्य, सेनापती, नगरजन सारे विनवू लागले की धन द्या, हत्ती द्या, डोळे देऊ नका. राजा ऐकेना.

येथे जातककाराने एक फार सूक्ष्म गोष्ट लिहून ठेविली आहे. राजाने सीवक नावाच्या वैद्यास बोलाविले. परंतु वैद्याने एका झटक्यात काम उरकले नाही. औषधाची एक मात्रा झाली की तो थांबे आणि म्हणे, महाराज, अजून विचार करा, अजून मी सर्व पूर्ववत करू शकेन. दुसऱ्या मात्रेनंतर तेच. तिसऱ्या मात्रेनंतर पुन्हा तेच. आज जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यास शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत माघार घेण्याचा अधिकार असतो आणि त्याला तो पुन्हापुन्हा सांगावा लागतो. ह्या नियमाचे मूळ शोधीत कोणी सीवकापर्यंत आला असेल असे आम्हांस वाटत नाही, परंतु वैद्याचा धर्म त्या कथाकाराने बिनचूक ओळखला होता.

आता गाळलेला भाग. नेत्र गेले, व्रण भरून आले. राजाच्या मनात आले की आंधळ्यास राज्य घेऊन काय करावयाचे? राज्य अमात्यांवर सोपवून तो उद्यानात तळ्याकाठी जाऊन बसला. तेथे शक्र त्याच्यापाशी आला व वर माग म्हणाला. ज्याने आनंदाने डोळे दिले त्या राजाने काय मागावे? त्याने मृत्यू मागितला. आंधळा झालो आहे, आता मरणाशिवाय दुसरे काही नको, असे तो म्हणाला. त्यावर शक्राने ‘तथास्तु’ म्हटले नाही, उपदेशही केला नाही. त्याने विचारले: राजा, तुला मरण मरणासाठीच हवे आहे, की तू आंधळा आहेस म्हणून हवे आहे? राजाने खरे उत्तर दिले: आंधळा आहे म्हणून. मग शक्राने त्याच्याकडून सत्यक्रिया करविली, म्हणजे आपल्या दानबुद्धीविषयीचे सत्य त्याच्याच मुखाने बोलविले, आणि त्या सत्याच्या बळाने राजास दृष्टी परत मिळाली.

ह्या कथेत दानाची इच्छा आणि मरणाची इच्छा ह्या दोन्ही एकाच पुरुषाच्या ठिकाणी आहेत. पण त्या दोन वेळच्या आहेत, आणि कथाकाराने त्यांस एक मानलेले नाही. दान केले तेव्हा राजा भरल्या मनाने, भरल्या घरात उभा होता. मरण मागितले तेव्हा तो एकटा, निरुपयोगी झाल्याच्या भावनेने तळ्याकाठी बसला होता. पहिल्या इच्छेपुढे देव हात पसरतो. दुसरीपुढे देव प्रश्न विचारतो. पहिली इच्छा मोठी म्हणून दुसरीही मोठी, असा हिशेब जातककाराने केला नाही.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबीची कपोतकथा व सतराव्या लेण्यात नेत्रदानाची कथा चितारलेली आहे. ही दोन्ही लेणी वाकाटक काळातील, म्हणजे इसवी सनाच्या ५ व्या शतकातील. सहकुटुंब अजिंठ्यास जाणारे वाचक पद्मपाणीपुढे तासभर उभे राहतात. सतराव्या लेण्यातील सिवीपुढेही थोडे थांबावे, एवढे आमचे सुचविणे आहे.

हाच विवेक हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात अधिक उघडपणे दिसतो. हर्ष ७ व्या शतकातला; चिनी यात्रेकरू इत्सिंग ह्याने लिहून ठेविले आहे की शीलादित्य राजाने जीमूतवाहनाची कथा पद्यात रचून ती नृत्यगीतासह करविली. नाटकात दोन प्रसंग आहेत, आणि टीकाकार त्यांचा विचार बहुधा वेगवेगळा करतात. दुसऱ्या अंकात नायिका मलयवती, नायकाचे प्रेम दुसरीवर आहे अशा गैरसमजाने, प्राण देऊ पाहते. नायक धावत येऊन तिला वाचवितो. गैरसमज काय तो उलगडतो. आणि ज्या दुःखासाठी ती मरावयास निघाली ते दुःख मुळात नव्हतेच, असे निघते. पुढे चौथ्या अंकात तोच नायक शंखचूड नावाच्या नागकुमाराऐवजी स्वतःला गरुडापुढे ठेवितो. एकाच नाटकात, एकाच कवीने, जीव देण्याच्या एका प्रसंगास संकट मानले आणि दुसऱ्यास त्याग मानले. भेद कोठे आहे? जीमूतवाहन नवपरिणीत आहे, जगण्यावर रुसलेला नाही. समोर शंखचूडाची म्हातारी आई प्रत्यक्ष आक्रोश करीत आहे. आणि त्याच्या कृतीचा हेतू मरणे हा नसून मारणे थांबविणे हा आहे. तरीही हर्षाला त्याचे मरण सहन झाले नाही. गौरी येते आणि त्यास उठविते. गरुड पश्चात्ताप पावतो. पूर्वी मारलेले नागही जिवंत होतात. बौद्ध कथेत शेवटी गौरी आणण्याबद्दल पंडितांनी पुष्कळ चर्चा केली आहे. आम्हांस त्यात हर्षाचे औचित्यज्ञान दिसते. वृद्ध आईबाप व नववधू ह्यांना रंगभूमीवर उभे करून, दात्याचे प्रेत त्यांच्या पुढ्यात टाकून पडदा पाडणे त्याला बरे वाटले नाही.

दधीचीचे म्हणाल तर, वृत्राच्या वधासाठी देव त्याच्या आश्रमी याचना करीत आले तेव्हा त्याने देह ठेविला, असे वनपर्व सांगते. तो जगण्यास विटला होता असा एक शब्दही तेथे नाही. तेव्हा ‘मी दधीची होतो’ असे म्हणणाऱ्या खिन्न माणसास दधीचीची साक्ष मिळत नाही. सल्लेखना, प्रायोपवेशन, समाधी ह्यांचा विचार आम्ही येथे करीत नाही; त्यांत दुसऱ्यास काही देण्याची भाषा नाही, म्हणून ते विषय वेगळे आहेत.

मरणाला दानाचे किंवा पुण्याचे नाव मिळाले म्हणजे काय होते, ह्याचा एक कठोर अनुभव मात्र आमच्या समाजाच्या गाठीशी आहे. सतीच्या चालीत विधवेला कोणी ‘तू निरुपयोगी आहेस’ असे तोंडावर म्हणत नसे. तुझ्या जाण्याने दोन्ही कुळांचा उद्धार होईल, असेच तिला सांगत. तिच्या जगण्याला घरात जागा ठेवावयाची नाही आणि मरणाला मात्र मखर करावयाचे, अशी ही व्यवस्था होती. १८२९ साली बेंटिंकने बंगाल प्रांतात ती कायद्याने बंद केली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम ह्याने १८९७ साली आत्महत्येवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यात ह्या विधवांची गणना एका स्वतंत्र वर्गात केली आणि त्या वर्गास जे नाव दिले त्याचा अर्थ ‘परार्थमूलक’ असा होतो. ह्या नावाने पुढे पुष्कळ घोटाळा झाला. दुर्खीमचे म्हणणे एवढेच होते की जेथे समाज व्यक्तीला इतका गिळून टाकतो की तिला स्वतःच्या जिवाची किंमत वाटेनाशी होते, तेथे अशी मरणे घडतात. वाचणाऱ्यांनी मात्र नावावरून अर्थ घेतला की काही आत्महत्या परोपकारासाठी असतात. शास्त्रीय ग्रंथातील एक विशेषण बाहेर पडून केवढा अनर्थ करू शकते, ह्याचे हे उदाहरण आहे.

दुर्खीमने समाजाकडून पाहिले. मनाच्या आतून पाहणारे त्याच्यानंतर आले. १९१७ साली फ्रॉइडने शोक आणि विषण्णता ह्यांची तुलना करताना दाखविले की शोकात जग रिकामे वाटते, विषण्णतेत स्वतःच रिकामे वाटू लागते. असा मनुष्य आपण क्षुद्र, अपात्र, ओझे आहोत असे स्वतःस बजावीत राहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस जॉइनर ह्याने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. मरणाच्या इच्छेच्या मुळाशी दोन समजुती असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे: आपण कोणाचे नाही ही एक, आणि आपण इतरांवर भार आहोत ही दुसरी. ह्या दुसऱ्या समजुतीत मनुष्य असा हिशेब मांडतो की माझ्या जगण्यापेक्षा माझ्या मरणाचा उपयोग इतरांस अधिक होईल. जॉइनरने ‘समजूत’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हिशेब मांडणाऱ्यास तो लख्ख खरा दिसतो. परंतु तो आजाराने मांडलेला हिशेब असतो, आणि मागे राहिलेल्या आईबापांनी किंवा पत्नीने आपल्या आयुष्याच्या खातेवहीत तो कधीच मान्य केलेला नसतो.

ह्या पार्श्वभूमीवर ‘मी गेलो तर माझे अवयव तरी कामास येतील’ हे वाक्य पुन्हा वाचावे. त्यातला पहिला अर्धा भाग त्या आजारी हिशेबाचा आहे. दुसरा अर्धा भाग मात्र निरोगी आहे. आपला कोणास उपयोग व्हावा, कोणा अपरिचिताच्या डोळ्यांत उजेड यावा, असे ज्याला अजून वाटते त्याचे जगाशी असलेले नाते तुटलेले नाही. तोच धागा हाती धरण्याजोगा असतो. दुर्दैव असे की ऐकणारे एक तर दोन्ही भागांवर रागावतात, नाही तर दोन्हींची वाहवा करतात.

दानाच्या वैद्यकाचा अर्वाचीन इतिहास पाहिला तर तोही ह्याच दोन इच्छा वेगळ्या ठेवण्याच्या धडपडीचा इतिहास आहे, असे दिसेल. १९०५ च्या डिसेंबरात मोराव्हियातील ओल्म्युत्स गावी एदुआर्द त्सिर्म ह्याने पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण केले. ते पटल एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचे होते. तो डोळा इजेमुळे काढणे भागच होते. म्हणजे देणाऱ्याने दानासाठी काहीच गमावले नाही. खरा धर्मसंकटाचा प्रसंग पुढे आला तो १९५४ साली. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात रिचर्ड हेरिक हा तेवीस वर्षांचा तरुण मूत्रपिंडे निकामी होऊन मरणाच्या दारी होता, आणि त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड आपले एक मूत्रपिंड देण्यास तयार होता. धडधाकट माणसाच्या देहावर, त्याच्या स्वतःच्या काही हिताशिवाय, शस्त्र चालवावे काय? जोसेफ मरे व त्याच्या सहकाऱ्यांनी धर्मोपदेशकांस विचारले, कायदेपंडितांस विचारले. भाऊ खरोखर एकाच बीजाचे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी बोटांचे ठसेसुद्धा ताडून पाहिले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आजारी भावाने धाकधुकीने चिठ्ठी पाठविली की तू येथून निघून घरी जा. धडधाकट भावाने उलट कळविले की मी आलो आहे तो राहण्यासाठीच. २३ डिसेंबर रोजी शस्त्रक्रिया झाली. रिचर्ड बरा झाला, शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशीच त्याचा विवाह झाला, आणि तो आणखी आठ वर्षे जगला. रोनाल्ड गणिताचा शिक्षक झाला व २०१० साली वयाच्या ७९ व्या वर्षी वारला. मरे ह्यास १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भावाने भावास दिले हे जगास समजले. परक्याने परक्यास देऊ केले, तेव्हा मात्र वैद्यांची भिवई चढली. अशा माणसाचे डोके ठिकाणावर नसावे, अशी शंका इतकी रूढ झाली की १९७१ साली फेलनर व श्वार्ट्झ ह्या दोघांनी परोपकारच बदनाम झाला आहे अशा आशयाच्या मथळ्याचा लेख प्रसिद्ध करून डॉक्टरांची कानउघाडणी केली. सामान्य लोक अशा दानास वेडेपणा मानीत नाहीत, असे त्यांनी दाखविले. तेव्हापासून शंकेची जागा हळूहळू चौकशीने घेतली. आज अमेरिकेतील नियमांप्रमाणे जिवंत दात्याची मानसिक तपासणी होते, आणि त्याच्या ठिकाणी आत्महत्येच्या प्रवृत्तीची लक्षणे दिसली तर त्याचे दान घेतले जात नाही. आधी उपचार, मग दानाचा विचार. आमच्या मते हा नियम दात्याचा अपमान करणारा नाही. तो शक्राचाच प्रश्न आहे, नियमावलीच्या रुक्ष भाषेत लिहिलेला.

मृतांच्या दानाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला, पण पोचला तेथेच. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात क्रिस्तियान बर्नार्ड ह्याने मनुष्यहृदयाचे पहिले रोपण केले. ते हृदय रस्त्यावरील अपघातात दगावलेल्या डेनिस डार्व्हाल ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणीचे होते. संमती तिच्या वडिलांनी दिली. विचारास त्यांनी चार मिनिटे घेतली असे सांगतात. अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला. परंतु परळच्या त्या शस्त्रक्रियागृहाचे नाव ह्या इतिहासातून कोणास पुसता यावयाचे नाही. त्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूची लक्षणे ठरविली. आमच्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, आणि तो व्हावा म्हणून ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी प्रथम ठराव केले त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. त्या कायद्याने मेंदूचा मृत्यू चार वैद्यांच्या मंडळाने प्रमाणित करावयाचा असतो, आणि रोपण करणाऱ्या वैद्यास त्या मंडळात बसता येत नाही. घेणाऱ्याचा हात आणि मरण ठरविणाऱ्याचा हात एक असू नये, हा ह्या तरतुदीचा गाभा आहे. रुग्णालयात आलेल्या प्रत्येकास, तो कसाही आलेला असो, वाचविणे हेच डॉक्टरांचे पहिले काम. दानाचा शब्द उच्चारावयाचा तो ते सर्व प्रयत्न हरल्यावर.

म्हणून वृत्तपत्रांत ‘जाता जाता पाच जणांना जीवदान’ असे मथळे येतात तेव्हा आम्हांस थोडी चिंता वाटते. ज्यांचे माणूस गेले त्यांना त्या शब्दांनी आधार मिळतो, तो हिरावून घेण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तोच मथळा एखादा खिन्न मुलगा किंवा थकलेला गृहस्थ वाचतो, तेव्हा त्याला मरण ही दानाची किंमत वाटते, आणि ती किंमत मोजण्यास आपण तयार आहोत असे त्याच्या मनात येते. वस्तुस्थिती तशी नाही. त्या अपघातग्रस्ताने कोणास काही देण्यासाठी मरण पत्करलेले नव्हते. तो जगला असता तर सर्वांस अधिक आनंद झाला असता. मरण अटळपणे आले, आणि घरच्यांनी त्या ढिगाऱ्यातून जे वाचविता आले ते वाचविले. मोठेपणा आहे तो दुःखाने वाकलेल्या आईबापांचा. मथळे लिहिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेविले तरी पुष्कळ होईल.

कायद्यालाही हा प्रश्न विचारण्यास उशीर लागला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास शिक्षा सांगणारे ३०९ वे कलम १८६० च्या दंडसंहितेत होते. म्हणजे जो आधीच खचला त्याला तुरुंगाचे भय घालावयाचे. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत पीठावर असताना, एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसाच निर्णय दिला आणि १९९६ साली तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे व शासनाने त्याची काळजी घ्यावी असे ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत ते जुने कलम उरले नाही. अपराधी कोण, ह्या प्रश्नाकडून दुःख काय, ह्या प्रश्नाकडे येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

कायद्याच्या आधी काही साधी माणसे तेथे पोचली होती. १९५३ साली लंडनमधील चाड व्हारा नावाच्या धर्मोपदेशकाने जीव नकोसा झालेल्यांसाठी एक टेलिफोन ठेविला आणि आपल्याशी येऊन बोलावे असे जाहीर केले. लोक इतके येऊ लागले की भेटीसाठी बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा देण्यास काही स्वयंसेवक बसविले गेले. थोड्याच दिवसांत व्हाराच्या ध्यानात आले की पुष्कळ जण चहा देणाऱ्याजवळच मन मोकळे करतात आणि त्याची स्वतःची भेट न घेताच निघून जातात. त्याने मग ते काम स्वयंसेवकांवरच सोपविले. हे स्वयंसेवक विद्वान नव्हते, उपदेशही करीत नव्हते, ऐकत होते. आमच्या देशात चेन्नईस ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी स्थापिली. आणि ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस व मराठीतूनही उपलब्ध आहे. घरातल्या माणसाशी बोलवत नसेल त्याला परक्याशी बोलता येते, हा व्हाराचा शोध अजून जुना झालेला नाही.

घरच्यांना विचारावयाचे असते तेव्हा एक भय आड येते: स्पष्ट विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरेल. हे भय संशोधनाने खरे ठरलेले नाही. उलट विचारल्याने मनावरचा भार हलका होतो असेच आढळते. शक्राने आडवळण घेतले नव्हते. ‘तुझ्या मनात मरणाचे येते काय, आणि कशामुळे येते?’ असे बापाने मुलास किंवा बहिणीने भावास विचारले, तर बहुधा उत्तरात एखादे ‘आंधळेपण’ निघते: परीक्षेचे, कर्जाचे, अंथरुणास खिळविणाऱ्या आजाराचे, मोडलेल्या विश्वासाचे. त्यावर सत्यक्रियेचा चमत्कार आमच्यापाशी नाही. पण वैद्य आहे, औषध आहे, सावकाराशी बोलणारा मामा आहे, आणि सोबत बसणारे माणूस आहे. आणि दानाची जी इच्छा त्याने बोलून दाखविली तिला जिवंतपणी करता येण्याजोगे काम विपुल आहे.

ह्याचे एक उदाहरण सांगून लेखणी आवरतो. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन ह्यास चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली व अनेकांच्या रक्ताने तो वाचला. आपणही रक्त द्यावयाचे असा त्याने निश्चय केला आणि वयाची अठरा वर्षे होताच, १९५४ साली, सुरुवात केली. पुढे आढळले की त्याच्या रक्तद्रवात एक दुर्मिळ प्रतिद्रव्य आहे. माता व गर्भ ह्यांच्या रक्तगटांचा विरोध असता गर्भास जो घातक आजार होतो त्यावरील औषध त्यापासून बनते. ऑस्ट्रेलियातील रक्तपेढीच्या हिशेबाप्रमाणे सुमारे २४ लाख अर्भकांस त्याच्या दानाचा लाभ झाला. त्याने एकूण १,१७३ वेळा दान केले. शेवटचे मे २०१८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, नियमाने त्यापुढे घेता येत नव्हते म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो वारला. ह्या गृहस्थास सुईची भीती वाटे. चौसष्ट वर्षांत दंडात सुई जाताना त्याने एकदाही तिकडे पाहिले नाही. छताकडे पाही, परिचारिकेशी गप्पा मारी, आणि पुढच्या खेपेची तारीख घेऊन घरी जाई.